बोरं घेते, लेंड्या देते

आमच्या सोसायटीचा घोडा गेला, तिथून हे सगळं सुरू झालं.

घोडा म्हणजे शिडीचा घोडा. अ‍ॅल्युमिनियमचा, दोन्हीकडून पाय असलेला, मधोमध बिजागरी. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहिलं की गतायुष्य डोळ्यांपुढून सरकायला लागतं, इतपत डुगडुगणारा. पंखे पुसायला, आकाशकंदील टांगायला, गणपतीत मखरावर माळा सोडायला असा तो वर्षभर बिल्डिंगभर हिंडायचा. मुक्कामाची जागा वॉचमनच्या केबिनमागे. तिथे साखळी आहे, कुलूप आहे, भिंतीवर 'घोडा' असं रंगवलेलंही आहे. फक्त घोडा नाही.

सेक्रेटरी माझ्याकडे आला. वयाने चाळिशीचा, त्यामुळे मी काका.

"काका, एक नोटीस लिहून द्या ना. इंग्लिशमध्ये."

"इंग्लिशमध्ये कशाला?"

"निम्म्या भाडेकरूंना मराठी वाचता येत नाही. आणि आपली माणसं मराठीतली नोटीस मनावर घेत नाहीत. तुम्ही तर बँकेत होतात."

बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला इंग्रजी येतं, हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. तो मी आजवर कष्टाने जपला आहे. चष्मा पुसला, पेन झटकलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं : 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड नॉट टु लेंड द लॅडर फ्रॉम द वॉचमन विदाउट एंट्री इन द रजिस्टर.' खाली 'बाय ऑर्डर' लिहिलं. बाय ऑर्डर लिहिलं की मला उगाच बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरलो, तर बोर्डासमोर चार माणसं. चार माणसं नोटीस वाचताना मी आमच्या सोसायटीत प्रथमच पाहत होतो. जवळ जाऊन बघतो, तर 'लेंड'भोवती लाल गोल. त्यावर लाल शाईत 'बॉरो'. आणि कोपऱ्यात, अधोरेखित : '१० पैकी ४. लक्ष द्यावे.'

अक्षर बी विंगमधल्या बाईंचं. बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, म्हणजे पगारापुरत्याच झाल्या.

चार गुणांचं मला वाईट वाटलं नाही. या दोन क्रियापदांत मला याहून जास्त कधी पडलेलेच नाहीत.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, शेळ्या-मेंढरं फार. त्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटायची. पहिलीपासून आली ती २००० साली. तोवर आमचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठवीत, म्हणजे १९७७ साली, सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. बॉरो म्हणजे उसने घेणे. लेंड म्हणजे उसने देणे.

आता आमच्या गावात शब्द एकच, उसनं. घेतलंय की दिलंय हे मापट्याच्या दिशेवरून कळायचं. शेजारीण मापटं घेऊन आपल्या दाराशी आली तर ज्वारी उसनी द्यायची. आपली आई मापटं घेऊन तिच्या दाराशी निघाली तर उसनी घ्यायची. मापटंही बहुधा तेच असायचं, ते मुळात कुणाचं हे दोन्ही घरं विसरलेली. एवढी सोय असताना दोन्हीकडच्यांना दोन वेगळी क्रियापदं कशाला, हे वर्गात कुणालाच कळेना.

त्यातून सर मोठ्याने म्हणाले, "म्हणा, लेंड."

वर्ग फुटला. निम्मी पोरं सकाळी शेळ्यांचा गोठा झाडूनच शाळेत आलेली. 'लेंड' या शब्दाचं आम्हाला स्पेलिंग नको होतं. आम्हाला तो हातांनी माहीत होता. सरांनी छडी उचलली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण, जो एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडायचा, तो उठून म्हणाला, "सर, सोपं हाय. शेळी बोरं घेती आन् लेंड्या देती."

सरांची छडी तशीच वर राहिली. बॉरो, बोरं, घेणे. लेंड, लेंड्या, देणे. बी.एड.ला त्यांना जे कुणी शिकवलं नव्हतं, ते एका शेळीने एका वाक्यात बसवलं होतं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बस खाली." मग जरा वेळाने, "पण लक्षात ठेवा."

लक्षात राहिलं. तोच घोटाळा झाला. बाकीच्या पोरांच्या लक्षात शेळी राहिली आणि ती पास झाली. माझ्या डोक्यात मात्र शेळीच्या मागोमाग अख्खं रान शिरलं. वार्षिक परीक्षेत रिकामी जागा भरा आली आणि मी विचार करू लागलो : शेळी बोरं घेते, कबूल. पण बोरं झाडाची. म्हणजे झाड देतं. मग झाडाच्या बाजूने बोरं हे लेंड झालं की. आणि लेंड्या शेळी देते खरी, पण शेतकरी त्या गोळा करतो, लेंडीखताला भाव आहे, गाडीने विकत घेतात. म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने लेंड्या हे बॉरो. शिवाय उसनं म्हटलं की परत करणं आलं. शेळीने बोरं परत केली म्हणायची का? एका अर्थी केली. घंटा झाली तेव्हा माझी शेळी अजून बांधावरच उभी होती आणि रिकामी जागा रिकामी होती.

पुढे मी बँकेच्या मुलाखतीला बसलो. साल १९८५. टेबलापलीकडे तीन सूट.

मधल्या सुटाने इंग्रजीत विचारलं, बँक काय करते?

याहून सोपा प्रश्न नाही. बँक लोकांकडून ठेवी घेते, म्हणजे बॉरो करते. आणि लोकांना कर्ज देते, म्हणजे लेंड करते. त्या दोन क्रियापदांतल्या फरकावरच बँकेचं पोट आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे टाय लावलेली शेळी उभी राहिली. मी म्हणालो, "सर, बँक बॉरोज फ्रॉम पब्लिक."

"गुड. अँड?"

"अँड... बॉरोज टु पब्लिक."

सूट एकमेकांकडे बघू लागले. डावीकडचा मराठीत म्हणाला, "अशी बँक बुडायला किती वर्षं लागतील?"

"सर, ते मॅनेजरवर अवलंबून आहे," मी म्हणालो.

नोकरी लागली. कुठल्या वाक्यामुळे, ते मी आजवर विचारलेलं नाही.

पहिलीच शाखा खेड्यातली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते ते. १९८० सालापासून ही योजना देशातल्या सगळ्या तालुक्यांत पोचली होती आणि आमच्या शाखेत ती चार पायांवर चालत आली होती. गरिबाला म्हैस घेऊन द्यायची, थोडं अनुदान, बाकीचं कर्ज. महिन्याचा अहवाल वरच्या ऑफिसला इंग्रजीत जायचा आणि तो लिहायला मी. मी लिहिलं, शाखेने या महिन्यात बावीस म्हशी बॉरो केल्या.

आठ दिवसांत खुलासा मागणारं पत्र आलं. शाखेने बावीस म्हशी कोणाकडून उसन्या घेतल्या, त्या सध्या कोठे बांधल्या आहेत, आणि वैरणीचा खर्च कोणत्या खात्यात टाकला आहे? मॅनेजरसाहेब ते पत्र माझ्यासमोर धरून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "धारा कोण काढतं, ते विचारलं नाही हे नशीब."

त्या म्हशींचा विमा असायचा आणि कानात बिल्ला. म्हैस मेली तर बिल्ला आणून दाखवायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही. खेड्यातली माणसं सरळ. बिल्ला उपटायचा म्हणजे खाडाखोड वाटायची, म्हणून ते अख्खा कानच घेऊन यायचे. एके दुपारी मी डबा उघडून बसलो होतो. एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्राचा पुडा काउंटरवरून आत सरकवला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, कर्ज गेलं बघा." पुडा उघडला. आत केसाळ, काळा, कडेला वाळत आलेला कान, आणि त्यात पितळी बिल्ला, नंबर अगदी स्वच्छ. त्या दिवशीची भेंडीची भाजी मी अजून विसरलेलो नाही. म्हाताऱ्याला मात्र दोन्ही इंग्रजी क्रियापदांवाचून सगळा व्यवहार कळलेला होता.

पुढे राजभाषेचं प्रशिक्षण झालं आणि मराठीतही गोंधळ घालायची सोय झाली. कर्ज देणारा तो धनको, घेणारा तो ऋणको. ऐकताना ही दोन जुळी भावंडं वाटतात, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्याहून जुने शब्द घेणेकरी आणि देणेकरी. भोळ्या माणसाला वाटेल, ज्याने पैसे दिले तो देणेकरी. नाही! ज्याने दिले तो घेणेकरी, कारण आता त्याला ते परत घ्यायचेत. काल देवासारखा धावून आलेला माणूस नोटा मोजून देईपर्यंत दाता असतो. नोटा समोरच्याच्या खिशात गेल्या की त्याच मिनिटाला तो घेणेकरी होतो, आणि समोरचा रस्ता बदलायला लागतो. आमच्याकडे क्रियापद चुकत नाही, माणूसच उलटा होतो.

मी चौतीस वर्षांत एवढी कर्जं दिली, पण स्वतःला कर्ज घेणारा म्हणवून घेताना हसरा माणूस पाहिला नाही. खरं तर घेतलं असं कुणी म्हणतच नाही. सोसायटीत बघा. दाराची बेल वाजते. शेजारीण विचारते, "साखर आहे का हो तुमच्याकडे?" प्रश्न जनगणनेचा वाटतो. आपण आहे म्हटलं की मागची वाटी पुढे येते. "घोडा आहे का खाली?" हाही तसाच प्रश्न. आहे म्हटलं की गेला. पैसे हवे असले की 'जरा' येतो. "जरा पाचशे दे." जराला मुदत नसते. पुस्तकांच्या बाबतीत तर आपण फारच सभ्य. वाचनालयात जाऊन पुस्तक उसनं आणलं असं म्हणणारा मराठी माणूस दाखवा. तो पुस्तक 'बदलायला' जातो. मधल्या पानांवर आमटीचा थेंब पडला तर ते खरोखरच बदललेलं असतं.

नात इंग्रजी शाळेत आहे. परवा वजाबाकी करताना पुटपुटत होती, "बॉरो वन." मी म्हटलं, शेजारच्या आकड्याकडून घेतलास, परत कधी करणार? ती म्हणाली, "आबा, परत नाही करायचा. नुसता घ्यायचा." आम्ही त्याला हातचा म्हणायचो. दुसऱ्याचा असला तरी हातचा. आमची भाषा जास्त प्रामाणिक.

घरात हा विषय काढू नये हे कळायला हवं होतं. पण मी तावातावाने म्हणालो, "या बिल्डिंगीत कुणी काही परत करत नाही."

बायको म्हणाली, "अहो, हळू. जरा हा डबा बघा."

स्टीलचा डबा. झाकणावर मशीनने ठिपक्या-ठिपक्यांत नाव घातलेलं, खाली तारीख. नाव तळमजल्यावरच्यांचं, तारीख त्यांच्या वास्तुशांतीची.

"हा आपल्याकडे कसा?"

"दिवाळीत त्यांनी चिवडा दिला होता. रिकामा कसा परत करायचा? काहीतरी चांगलं केलं की भरून देईन म्हणते आहे."

"दिवाळीपासून आपण चांगलं काहीच केलं नाही?"

यावर तिने ज्या नजरेनं पाहिलं त्याचं क्रियापद दोन्ही भाषांत नाही. मांडणीवर नंतर मी हळूच फिरून आलो. एका पातेल्यावर 'चि. सौ. कां.' पर्यंतच वाचता येत होतं, पुढचं घासून गेलेलं. आमच्या घरात त्या नावाचं कुणी जन्माला आलेलं नाही. आमची वाटी, आमची किसणी आणि आमचा कुकरचा मधला डबा असेच कुठेकुठे नांदत असणार. ते सगळे एका दिवशी आपापल्या घरी निघाले, तर लिफ्ट बंद पडेल.

संध्याकाळी मी लाल नोटीस घेऊन बाईंकडे गेलो. चार गुण वाढवून मागायला नव्हे, बचावाला. पुतण्या म्युनिकला असतो, त्याच्याकडून मुद्दा पैदा केला होता.

"बाई, जर्मन भाषेत उसनं घेणं आणि देणं याला एकच क्रियापद चालतं. लायहेन. एवढे मोठे इंजिनिअर लोक, त्यांचं अडत नाही."

"मग नोटीस जर्मनमध्ये लावा," बाई म्हणाल्या.

"इंग्लंडातही काही भागांत साधी माणसं 'लेंड'च्या जागी 'बॉरो' सर्रास बोलतात म्हणे."

"ते माझ्या वर्गात नव्हते."

मग त्यांना दया आली असावी. त्यांनी चहा टाकला आणि शिकवायला घेतलं. 'बॉरो'चं मूळ जुन्या इंग्रजीत तारण किंवा जामीन या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणाल्या. माझ्यातला बँकवाला एकदम ताठ झाला. तारणाशिवाय बॉरो नाही! म्हणजे घोडा नेणाऱ्याने केबिनपाशी एक चप्पल ठेवून जायची. एकच, डावी किंवा उजवी. बाईंनी हा ठराव ऐकून घेतला आणि पुढे गेल्या. 'लेंड'च्या शेवटी जो 'ड' आहे, तो मुळात त्या क्रियापदाचा नाहीच. भूतकाळी रूपातला 'ड' काही शतकांपूर्वी वर्तमानकाळात आला आणि तिथेच राहिला.

"म्हणजे उसना आणला आणि परत केला नाही?"

"तसं म्हणा."

उसनं देणे या शब्दानेच एक अक्षर हडपलंय हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी दुसरा कप घेतला. बाई आता रंगात आल्या होत्या. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये तो पोलोनियस फ्रान्सला निघालेल्या मुलाला बजावतो, उसनं देऊही नको, घेऊही नको.

"मग त्याचं भलं झालं असेल."

"पडद्यामागे लपून दुसऱ्यांचं बोलणं ऐकत होता, तलवार भोसकून मारला."

मी चहा खाली ठेवला. उसनंपासनं काही नाही म्हणून माणूस मोकळा, आणि मोकळा म्हणून लोकांच्या पडद्यामागे. त्यापेक्षा किसणी परत मागायला चार घरं हिंडलेली बरी.

"आणि 'ज्युलियस सीझर'मध्ये," बाई म्हणाल्या, "मार्क अँटनी रोमच्या लोकांकडे कान मागतो. तिथे कोणतं क्रियापद?"

माझ्यापुढे वर्तमानपत्राचा पुडा उघडला. "लेंड," मी ताडकन म्हणालो. "कानाच्या बाबतीत माझं चुकणार नाही, बाई."

त्या खूश झाल्या. मग दोघांनी मिळून नवी नोटीस करायला घेतली. बाईंनी पेन मागितलं, मी दिलं. बरंच खोडून झाल्यावर ध्यानात आलं की आपल्या माणसांच्या तोंडी घेणंही नसतं आणि देणंही नसतं. माणसं 'नेतात'. "मी काय पळवला का? नेला होता नुसता." नेण्यात ना पाप, ना पुण्य, ना तारीख. तेव्हा इंग्रजी रद्द करून बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं : 'घोडा ज्यांनी नेला आहे, त्यांनी तो आणून ठेवावा.' भाडेकरूंसाठी शेजारी घोड्याचं चित्र काढलं. ते शेळीसारखं दिसत होतं, पण मी बोललो नाही.

माझं पेन बाईंनी टोपण लावून पर्समध्ये टाकलं. मला दिसलं. पण मागायला कोणतं क्रियापद वापरावं हे ठरेपर्यंत दार लागलं.

नोटीस लावायचं काम सेक्रेटरीने घेतलं. मी त्याला सांगितलं, बोर्डावर नको, तिथे कुणाच्याही लाल पेनचा हात पोचतो. तेव्हा त्याने पार्किंगच्या खांबाला, छताला लागून, दोन टेबलं एकावर एक ठेवून ती चिकटवली. खालून मान मोडून वाचावी लागत होती, पण सुरक्षित.

काल सकाळी खाली उतरलो. खांबावर चिकटपट्टीचे चार तुकडे. नोटीस गायब.

वॉचमनला विचारलं, "नोटीस कुठे गेली?"

"चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी नेली. त्यांच्या मेव्हण्याच्या सोसायटीत पण लावायची आहे, झेरॉक्स काढून आणून देतो म्हणाले."

"कधी?"

"परवा."

"अरे, पण एवढ्या उंचावरून काढली कशी?"

वॉचमनने माझ्याकडे असं पाहिलं, की बँकेतल्या माणसाला हेही कळू नये.

"घोड्यावर चढून."